बारक्याची बेस गिटार

फोन आला तेव्हा ताई मशीनवर होती आणि तिच्या पुढ्यात ट्रकच्या ताडपत्रीचा बावीस फुटी तुकडा पसरला होता. कारखान्यात एका वेळी चौदा मशीनं चालतात, त्यामुळे फोनवर बोलायचं तर जिन्यात जावं लागतं. ताई जिन्यात गेली. पलीकडे एक बाई होत्या. बारक्याच्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट.

"तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण ना? मग स्पष्टच बोलते. ऑपरेशन चांगलं झालंय, हाडं जुळलीत. पण ते हात वापरतच नाहीत. पिळायला रबरी चेंडू दिला, तो खिडकीतून फेकला. दुसरा दिला, तोही फेकला. अजून दोन महिने असेच गेले तर बोटं आखडतील, आणि मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

बारक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. घरात शेवटचा म्हणून बारक्या; बाकी उंची सहा फूट, दारातून येताना मान वाकवावी लागते. थंड हवेच्या एका गावात मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये तो आठ वर्षं बेस गिटार, म्हणजे खर्जातल्या सुरांची चार जाड तारांची गिटार, वाजवत होता. सात आठवड्यांपूर्वी गाडीतून सामान उतरवताना स्पीकरचं जड खोकं घसरलं आणि त्याच्या डाव्या हातावर बसलं. ताई तेव्हा जाऊन आठ दिवस राहिली होती. त्यानंतर फोनवर रोज विचारायची, आणि तो रोज "बराय" म्हणायचा. ताईने ते खरं मानलं होतं.

"त्यांना हातात धरावंसं वाटेल असं काही आहे का?" बाईंनी विचारलं.

"गिटार."

"ती हॉटेलची होती म्हणे. आता तिच्यावर नवा माणूस वाजवतो."

ताई म्हणाली, "त्याची स्वतःची एक आहे. माझ्याकडे."

होती ती माळ्यावर. बारक्याने पहिल्या कमाईतून घेतलेली, आणि हॉटेलात गिटार मिळते म्हटल्यावर ताईकडे ठेवलेली. त्या संध्याकाळी ताईने नवऱ्याला स्टुलावर चढवलं. गिटार पातळ कापडी पिशवीत होती, तिच्यावर गोधड्यांची ट्रंक, ट्रंकेवर जुन्या टीव्हीचं खोकं. वर पत्रा.

"अहो, हळू," ताई खालून म्हणाली.

"आठ वर्षं हिच्यावर ट्रंक होती, आता हळू काय करायचंय?" नवरा म्हणाला, पण त्याने ती तान्ह्या बाळासारखी खाली दिली.

पिशवीची चेन गंजून अडकली होती. ताईने ती कात्रीने कापली. चारही तारा तांबूस झालेल्या, आणि गिटारची लांब मान धनुष्यासारखी वाकलेली. तारा आणि मान यांच्यामध्ये मधोमध बोट सहज शिरत होतं. नवऱ्याने एक तार ओढून पाहिली. खुरपं दगडावर आपटावं तसा आवाज आला.

"गेली ही," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"आवाज ऐकलास ना."

"तुम्हाला गिटारमधलं काय कळतं?" ताई म्हणाली. "मलाही कळत नाही. कळतं त्याच्याकडे नेते."

ज्याला कळत होतं तो सायकलच्या दुकानाशेजारी बसायचा. पूर्वी फर्निचरचा सुतार, गेली वीस वर्षं वाद्यं दुरुस्त करणारा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मिस्त्रीने गिटार जाड कापडावर आडवी ठेवली, एक डोळा मिटला आणि मानेच्या टोकाकडून बंदुकीचा नेम धरल्यासारखं पाहिलं.

"कुठे ठेवली होती?"

"माळ्यावर. आठ वर्षं."

"पत्र्याखाली?"

"हो."

"वर काय होतं?"

"ट्रंक."

मिस्त्री रागावला नाही. त्याने नुसती मान हलवली, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "बाई, तुम्हाला आठ वर्षं पत्र्याखाली झोपवलं, उन्हाळ्यात तापवलं, पावसाळ्यात ओल दिली, छातीवर ट्रंक ठेवली, तर तुमची मान सरळ राहील का?"

"दुरुस्त होईल का ते सांगा."

"लाकूड फुटलेलं नाही. मानेच्या आत लोखंडी सळई असते. ती पान्याने आवळली की मान सरळ येते. पण रोज पाव फेरा. त्याहून जास्त नाही."

"किती दिवस?"

"दहा, बारा. लाकूड ठरवणार."

"मला दोन दिवसांत निघायचंय."

"मग असं करा, दोन दिवसांत निघा आणि तुटलेली घेऊन जा," मिस्त्री म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला.

ताई बारा दिवस रोज कारखाना सुटला की तिथे गेली. पहिल्या दिवशी ती नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने स्टूल सरकवलं. तो पाव फेरा द्यायचा, गिटार बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, आता उद्या. ते पाहायला येण्याची खरं तर गरज नव्हती. पण ट्रंक तिने स्वतःच्या हाताने ठेवली होती, आणि ते ती विसरू शकत नव्हती. बसल्या बसल्या ती विचारत राही. घरी ठेवायची तर कशी? स्टँडवर, नाहीतर सरळ भिंतीवर टांगायची, पण बाहेरच्या भिंतीवर नाही, ती तापते आणि ओल धरते. कोपऱ्यात टेकवून ठेवली तर? एक दिवस घसरेल आणि डोक्यावर पडेल. तिच्या डोक्यावर, तुमच्या नाही. गाडीच्या डिकीत? मिस्त्रीने उत्तरच दिलं नाही, फक्त पाहिलं.

प्रवासाची गोष्ट निघाली तेव्हा तो म्हणाला, "कापडी पिशवीत नेणार असाल तर मी हात झटकतो. पेटी लागेल. कडक, आतून मऊ. बेसच्या मापाची इथे मिळत नाही, मागवली तर महिना जाईल."

"माप द्या," ताई म्हणाली.

"पेटी म्हणजे ताडपत्री नव्हे."

"माप तर द्या."

एकवीस वर्षं ताई ट्रकची आच्छादनं, तंबू, जनरेटरच्या खोळी शिवत आली होती. भोवती काय बसवायचंय ते कळलं की बाकीचं तिच्या हाताला कळत असे. प्लायवूड तिने मिस्त्रीकडूनच कापून घेतलं. आत फोम, फोमवर मऊ सुती कापड, बाहेरून कारखान्यातली सगळ्यात जाड ताडपत्री, दुहेरी शिलाईने. दोन बाजूंना मुठी आणि पाठीवर घ्यायला दोन रुंद पट्टे. रविवारी सकाळी ती पेटी घेऊन दुकानात गेली. मिस्त्रीने गिटार आत ठेवली, झाकण लावलं, पेटी उचलून कानाशी धरली आणि हलवली.

"हलतेय."

"कुठे? मला नाही ऐकू आलं."

"मला आलं. मानेखाली आधार द्या. आणि खुंट्या आहेत ते डोकं कशालाच टेकता कामा नये. पेटी पडली तर पहिला फटका त्यालाच बसतो, तिथूनच मोडते."

ताईने अस्तर उसवलं. दुसऱ्या वेळीही त्याला ऐकू आलं. तिसऱ्या वेळी त्याने पेटी हलवली, परत हलवली, आणि खाली ठेवली. "ही मी विकत घेतली असती," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ही स्तुती होती हे ताईला नंतर त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं.

बाराव्या दिवशी मान सरळ झाली. मिस्त्रीने नव्या तारा चढवल्या, आणि मग प्रवासासाठी त्याच थोड्या सैल केल्या. "सगळ्या सोडायच्या नाहीत. ताण पार गेला तर मान उलटीकडे वाकेल. आणि एक गोष्ट नीट ऐका. वर थंडी आहे. पोचल्या पोचल्या पेटी उघडायची नाही. बंद ठेवायची, खोलीत, पाच-सहा तास. थंड लाकडाला एकदम ऊब लागली की पॉलिशला तडे जातात, ओल धरते. कुणीही सांगितलं तरी उघडायची नाही."

"नाही उघडणार," ताई म्हणाली.

कारखान्यात मुकादमाने विचारलं, किती दिवस रजा. ताई म्हणाली, काम होईपर्यंत. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

बस संध्याकाळची होती, सकाळी पोचणारी. ताईने दोन तिकिटं काढली होती. खिडकीशी पेटी उभी केली, तिला शालीने सीटशी बांधलं आणि शेजारी स्वतः बसली. कंडक्टर आला.

"हे खाली डिकीत जाईल."

"नाही जाणार. हे तिचं तिकीट."

कंडक्टरने तिकीट उलटून पालटून पाहिलं. "यावर नाव तुमच्या मिस्टरांचं आहे."

"ते येणार नाहीत. त्यांच्या जागी ही आली."

मागच्या सीटवर जाड चष्म्याचे एक गृहस्थ होते. ते जरा मोठ्याने म्हणाले, "माणसांना बसायला जागा मिळत नाही आणि इथे लाकूड खिडकीशी बसून चाललंय." दोन-तीन जण हसले. ताईने मागे वळून पाहिलं नाही. कंडक्टर थोडा वेळ उभा राहिला. तिकीट खरं होतं आणि बाई हलणारी दिसत नव्हती. तो पुढे गेला.

पहाटे चढ लागला आणि उजाडता उजाडता बस थांबली ती थांबलीच. पुढे वळणावर दगडांचा ट्रक आडवा झाला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ता बंद. कंडक्टर चौकशी करून आला. पलीकडच्या बाजूला वरून एक बस आलीये, ती उतारूंना वर घेऊन जाईल. मात्र मध्ये अडकलेल्या गाड्यांची रांग आहे, तिथपर्यंत चालत जावं लागेल. अडीच-तीन किलोमीटर. सामान ज्याचं त्याने.

"जड सामान असेल त्यांनी बसमध्येच ठेवा," तो ताईकडे पाहत म्हणाला. "रस्ता सुटला की दुपारी पोचवू."

"या बसमध्ये ऊन येईल दुपारी."

"म्हणजे?"

"काही नाही," ताई म्हणाली. तिने पेटीचे पट्टे खांद्यांत अडकवले आणि उतरली.

पेटी गिटारसकट बारा किलोंची. खाली ती ताईच्या गुडघ्यांपर्यंत यायची आणि वर डोक्याच्या वर हातभर निघायची. वारा अंगावर आला की पेटीला शिडासारखा लागायचा आणि ताईला एक पाऊल आडवं टाकावं लागायचं. पहिला चढ तिने न थांबता काढला. दुसऱ्या चढावर खांदे भरून आले, तेव्हा ती कठड्याला पेटी न टेकवता नुसती वाकून उभी राहिली आणि वीस आकडे मोजले. मग पुढे. प्रत्येक वळणावर वीस. कारखान्यात ओली ताडपत्री याहून जड असते असं ती स्वतःला सांगत होती. ओली ताडपत्री चौघी मिळून उचलतात, हे तिने स्वतःला सांगितलं नाही.

तिसऱ्या वळणावर चष्म्याचे गृहस्थ दगडावर बसलेले दिसले. गुडघा धरून. शेजारी त्यांची बॅग.

"गुडघा गेला का?" ताईने विचारलं.

"जुनाच आहे. जा तुम्ही पुढे."

ताईने त्यांची बॅग उचलली. "चला. बॅग माझ्याकडे. तुम्ही पेटीला मागून हात लावून चाला. तुम्हालाही आधार आणि वाऱ्यात तीही हलणार नाही."

ते उठले. उरलेला रस्ता दोघं तसेच चालले, पुढे ताई, मागे पेटी धरून गृहस्थ. शेवटी ते म्हणाले, "आहे तरी काय हिच्यात?" ताईने सांगितलं. त्यानंतर वळण आलं की वीस आकडे तेच मोजायला लागले.

बारक्याची खोली हॉटेलच्या मागे, कामगारांच्या इमारतीत होती. ताई पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, डावा हात उशीखाली, जणू दुसऱ्या कुणाची वस्तू लपवून ठेवावी तसा.

"कशाला आलीस? मी बरा आहे."

"दिसतंय." ताईने खोलीभर नजर फिरवली. खिडकीशी हीटर, दाराशी थंड झोत. मधली भिंत त्यातल्या त्यात बरी. तिने पेटी तिथे आडवी ठेवली आणि मग प्रथमच खांदे चोळले.

बारक्या वळला. त्याने पेटीकडे पाहिलं, तिच्या लांबीकडे, एका टोकाला निमुळत्या आकाराकडे. तो उठून बसला. "ही माझी आहे का?"

"तुझीच."

"उघड."

"नाही."

"का?"

"साडेचार वाजता उघडायची."

"ताई, काहीतरीच काय. उघड ना."

"बाहेरून गारठून आलीये. लगेच उघडली तर पॉलिशला तडे जातील."

"तू मला गिटारचं शिकवणार?"

"हो," ताई म्हणाली. "मी शिकून आले. आणि तुला आधीच सांगते, माळ्यावर मी तिच्यावर ट्रंक ठेवली होती. मान वाकली होती. बारा दिवस लागले सरळ करायला. आता साडेचारच्या आधी या पेटीला कुणी हात लावणार नाही, तूही नाही."

तो उठला आणि पेटीकडे आला. ताई पेटीवर बसली नाही, कारण पेटीवर बसायचं नसतं. ती पेटी आणि तो यांच्यामध्ये उभी राहिली. कपाळ त्याच्या छातीला लागेल एवढीच उंची. दोघं तसेच उभे राहिले. मग बारक्या हसला. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा हसला असेल. गालाला सवय नसल्यासारखं वाकडं हसला.

"तुझ्या अंगात लहानपणापासून खोड आहे ही."

"आहे. दाढी कर. जेव. वेळ जाईल."

त्याने दाढी केली. जेवला. मध्ये तीनदा किती वाजले म्हणून विचारलं. ताईने त्याला ट्रकची गोष्ट सांगितली, तिकिटाची सांगितली, आणि तो पेटीभोवती फेऱ्या मारत, शिलाईवरून उजवा हात फिरवत ऐकत राहिला. "हे कुणी शिवलं?" "कुणी शिवणार?" तो बराच वेळ एका पट्ट्याची टीप पाहत बसला.

साडेचारला ताईने झाकण उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. बारक्याने गिटार मांडीवर घेतली, उजव्या अंगठ्याने जाड तार छेडली. ढिली तार भडभडली.

"सुरात नाही."

"प्रवासासाठी सैल केल्यात. आवळायला लागतील."

खुंट्या गिटारच्या डाव्या टोकाला. त्या पिळतो डावा हात. बारक्याने उजवा हात पलीकडे नेऊन पाहिलं, मग तार कोण छेडणार? त्याने ताईकडे पाहिलं. ताई पुढे झाली आणि तिथेच थांबली.

"मी पिळू का?"

"नको," तो म्हणाला. "तुला कळणार नाही कुठे थांबायचं."

त्याने डावा हात उशीखालून काढल्यासारखा हळूच वर आणला. अंगठा आणि पहिलं बोट खुंटीवर ठेवलं. बोट सरकलं. पुन्हा ठेवलं. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे झाले. खुंटी केसभर फिरली. त्याने तार छेडली, कान दिला, पुन्हा पिळलं. एका तारेला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या तारेच्या वेळी त्याने शिवी दिली आणि मग माफी मागितली. तिसरीला मधलं बोटही आलं मदतीला. चौथी सुरात आली तेव्हा सहा वाजत आले होते.

दुसऱ्या दिवशी ताईने फिजिओबाईंना बोलावून दाखवलं. बाई म्हणाल्या, "हे रोज झालं पाहिजे. रोज तारा सैल करा आणि रोज आवळू द्या."

ताईला ते पटलं, पण तिने आधी मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री पलीकडून ओरडला नाही, पण ओरडायचाच बाकी होता. "रोज? मान रोज पुढेमागे होईल. तारा तुटतील. बारा दिवसांचं काम मातीत."

"मग हाताचं काय?"

"हातासाठी माझी गिटार कशाला मोडता?"

माझी, असं तो म्हणाला. ताईने ते ऐकून घेतलं. "मिस्त्री, मला दोन्ही पाहिजेत. हातही आणि गिटारही. सांगा कसं करायचं."

मिस्त्री म्हणाला, "पत्ता पाठवा."

पाच दिवसांनी पार्सल आलं. आत शिसवी लाकडाची एक फळी, तिच्यावर मोडीत निघालेल्या बेसच्या चार खुंट्या बसवलेल्या आणि चार जुन्या तारा ताणलेल्या. चिठ्ठीत एकच ओळ: हिला हवं तेवढं पिळा. बारक्या सकाळी एक तास आणि दुपारी एक तास ती पिळायचा. गिटार मात्र मधल्या भिंतीवर टांगलेली, संध्याकाळी वाजवायला. महिन्यात सहा तारा तुटल्या, सगळ्या फळीवरच्या. ताई तीन आठवडे राहून परतली. मुकादमाने तिचं मशीन कुणाला दिलं नव्हतं.

बारक्याचं चौथं बोट वाकलं नाही ते नाहीच. हॉटेलने त्याला परत घेतलं नाही. नवा माणूस चार बोटांनी वाजवत होता. बारक्याने जुन्या बँडमधल्या ड्रमवाल्याला आणि एका गाणाऱ्या शिक्षिकेला गाठलं आणि तिघांनी स्वतःचं सुरू केलं. तीन बोटांत बसत नव्हतं ते त्याने गाळलं, काही गाणी नव्याने बसवली. आठ महिन्यांनी त्यांचा पहिला कार्यक्रम होता, गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात, दुपारी. ताई आणि तिचा नवरा गेले. मिस्त्रीलाही तिकीट पाठवलं होतं. दुकान बंद ठेवणार नाही म्हणाला, आणि आला.

गाणं सुरू झालं. नवरा ताईच्या कानाशी वाकला. "यातला बारक्याचा आवाज कोणता?"

ताई ऐकत राहिली. तिला शिक्षिकेचा गळा ऐकू येत होता, ड्रम ऐकू येत होते. बारक्याचा वेगळा काढता येत नव्हता. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री डोळे मिटून बसला होता.

"मिस्त्री, त्याचा कोणता?"

मिस्त्रीने डोळे न उघडता खाली बोट दाखवलं, जमिनीकडे. ताईने चपलेतून पाय काढून लाकडी फरशीवर टेकवला. फरशी एका लयीत थरथरत होती. तिने दुसराही पाय टेकवला आणि गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली.